समोरचं पिनबॉल मशीन कोणत्या सालचं, हे कसं ओळखायचं

जुनं पिनबॉल मशीन समोर आलं की पहिला प्रश्न सालाचा. साल कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं. आत रिले (विजेने उघडझाप होणारे स्विच) असतील की चिप, सुटे भाग मिळतील की घडवून घ्यावे लागतील, कुठे बिनधास्त हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही. विकणारा माणूस साल सांगतो, पण बहुतेक वेळा ते मागच्या काचेवरच्या चित्रावरून सांगतो. काउबॉय दिसले की पन्नासचं दशक, रॉकेट दिसलं की साठचं. काउबॉय पन्नासच्या दशकात होते हे खरं, पण १९९८ च्या 'कॅक्टस कॅन्यन'वरही तेच आहेत. म्हणून चित्राकडे मी सगळ्यात शेवटी बघते.

ही मशीनं उघडणं हे माझं रोजचं काम आहे, आणि खाली लिहिलेला क्रम मी त्या कामातूनच पक्का केला आहे. या धंद्याचा इतिहास मला वाचनातून कमी आणि प्लेफील्डच्या, म्हणजे गोळी फिरते त्या रंगवलेल्या लाकडी फळ्याच्या, खालून जास्त समजला. बहुतेक मोठे कारखाने शिकागो आणि आसपासचे, एकमेकांवर डोळा ठेवून असलेले. एकाने नवी युक्ती काढली की थोड्याच दिवसांत ती इतरांच्या मशीनमध्येही दिसायची. त्यामुळे एखादा भाग दिसला की ते मशीन 'या सालाच्या आधीचं नाही' असं छातीठोकपणे म्हणता येतं. सगळी ओळख या एका वाक्यावर चालते.

हात घालण्याआधी

प्लग काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण स्विचपर्यंत आलेली वायर जिवंतच असते. १९७७ नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये आकडे दाखवणाऱ्या भागाला दीडशे व्होल्टच्या वर वीज लागते आणि बंद केल्यावरही ती थोडा वेळ तिथे टिकून राहते. मागच्या खोक्यात बोटं घालायच्या आधी काही मिनिटं थांबा.

मग नाणी टाकायचं दार उघडा. आत वरच्या बाजूला एक खटका असतो, तो सरकवला की समोरची धातूची पट्टी सुटते आणि वरची काच खाली ओढून काढता येते. काच जमिनीवर ठेवताना खाली जाड कापड घाला. ही काच कडक केलेली असते आणि कोपऱ्यावर फरशीचा लहानसा ठोका बसला तरी तिचा भुगा होतो. त्यानंतर पोलादी गोळ्या बाहेर काढा आणि मगच प्लेफील्डचा फळा वर उचला. गोळी आत राहिली तर फळा उभा होताच ती ८० ग्रॅमची गोळी घरंगळत थेट बॅकग्लासवर, म्हणजे मागच्या उभ्या चित्राच्या काचेवर, जाऊन आपटते. जुन्या बॅकग्लासवरचं चित्र काचेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. ती काच फुटली तर परत मिळत नाही.

सोबत टॉर्च, लहान आरसा आणि वही एवढं पुरतं. सालाचा अंदाज बांधण्याआधी दिसेल ते लिहून काढा.

फ्लिपर आधी बघा

प्लेफील्डच्या तळाशी फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की उसळून गोळी मारणारे छोटे दांडे, आहेत का? नसतील तर दोन शक्यता असतात आणि दोन्ही फार वेगळ्या.

पहिली शक्यता अशी की मशीन १९४७ च्या आधीचं आहे. मॉन्टेग्यू रेडग्रेव्हने १८७१ मध्ये अमेरिकेत बॅगाटेल या टेबलावरच्या गोळीच्या खेळातल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. काठीने गोळी ढकलण्याऐवजी स्प्रिंगचा दांडा ओढून सोडायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट, आणि तो दांडा आजही प्रत्येक मशीनच्या उजव्या कोपऱ्यात कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. पण उद्योग उभा राहिला तो १९३१ मध्ये, डेव्हिड गॉटलीबच्या 'बॅफल बॉल'मुळे. हे मशीन टेबलावर ठेवायचं, किंमत साडेसतरा डॉलर, वीज नाही, वायर नाही. खिळ्यांमधून गोळी वाट काढत खाली यायची आणि एखाद्या भोकात पडायची. गुण खेळणाऱ्यानेच मोजायचे. मंदीच्या दिवसांत एका सेंटला मिळणारी ही करमणूक इतकी खपली की गॉटलीबला मागणी पुरी करता येईना. त्याचा माल विकणाऱ्या रेमंड मोलोनीने मग १९३२ मध्ये स्वतःचं 'बॅलीहू' काढलं, आणि 'बॅली' ही कंपनी त्याच नावातून उभी राहिली.

तेव्हा मशीन टेबलावर ठेवायचं असेल आणि आत एकही वायर नसेल, तर ते तीसच्या दशकाच्या सुरुवातीचं धरा. वायर दिसली तर १९३३ किंवा त्यानंतरचं. त्या साली हॅरी विल्यम्सने 'कॉन्टॅक्ट'मध्ये बॅटरीवर चालणारी कॉइल, म्हणजे वीज मिळाली की झटका देणारी तारेची गुंडाळी, बसवली, जी भोकात पडलेली गोळी पुन्हा बाहेर उडवायची आणि घंटा वाजवायची. गोळी आदळली की गुण मोजणारे स्प्रिंगचे बंपर १९३७ च्या सुमारास बॅलीने आणले. बंपर आहेत पण फ्लिपर नाहीत, असं मशीन म्हणजे साधारण १९३७ ते १९४७. त्यातही १९४२ ते १९४५ हा काळ जवळजवळ कोरा आहे, कारण कारखाने युद्धाच्या कामाला लागले होते. त्या वर्षांत जुन्याच मशीनला नवी काच आणि नवा रंग देऊन युद्धाचे विषय चढवले जायचे. काचेवर सैनिक आणि आत पाच-सात वर्षं जुने भाग, असं दिसलं तर गोंधळू नका.

दुसरी शक्यता बिंगोची, आणि इथे चांगले जाणकारही फसतात. प्लेफील्डवर आकडे घातलेली पंचवीसेक भोकं, काचेवर आकड्यांचा चौकोन, फ्लिपर नाहीत. हे मशीन जुनाट दिसतं, पण १९५१ पासून पुढे कैक वर्षं अशी मशीनं बनत होती. खेळणारा नाण्यांमागून नाणी घालून जिंकण्याची शक्यता वाढवायचा, आणि जिंकलेले जादा खेळ दुकानदार पैशांत फेडायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये कोर्पान खटल्यात बिंगोला जुगाराचं यंत्र ठरवलं. बिंगो उघडून बघा. आतली वायरिंग फ्लिपरच्या मशीनपेक्षा कितीतरी दाट असते. दुरुस्ती शिकायची असेल तर पहिलं मशीन म्हणून बिंगो घेऊ नका.

फ्लिपर असतील तर त्यांची जागा आणि दिशा बघा. गॉटलीबच्या 'हम्प्टी डम्प्टी'त, १९४७ मध्ये, हॅरी मॅब्सने ते पहिल्यांदा बसवले. सहा फ्लिपर, दोन्ही कडांना तीन-तीन, आणि टोकं आजच्या उलट, बाहेरच्या दिशेला. गोळी वर मारण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती, ते तिला एकमेकांकडे ढकलत वर नेत. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेकने 'ट्रिपल अॅक्शन'मध्ये दोनच फ्लिपर ठेवले, ते थेट तळाशी, आणि त्यांना जास्त जोराची वीज दिली. सहाच्या जागी दोन म्हणजे खर्चही कमी. आज आपण जो खेळ खेळतो तो या मांडणीतून आला. टोकं आतल्या बाजूला वळली ती १९५० च्या सुमारास. त्यामुळे फ्लिपर कडांना असतील किंवा त्यांची टोकं बाहेर असतील तर साल १९४७ ते पन्नासच्या दशकाची सुरुवात.

मग पट्टी लावा. फ्लिपर दोन इंची असेल तर मशीन बहुधा साठच्या दशकातलं किंवा त्याआधीचं. तीन इंची फ्लिपर विल्यम्स कंपनीने १९६८ मध्ये 'हेबर्नर्स टू'मध्ये आणला आणि थोड्याच वर्षांत सगळ्यांनी तो उचलला. तळाला मुख्य फ्लिपर तीन इंची असतील तर ते मशीन १९६८ च्या आधीचं नाही. एकाने मला मोठ्या उत्साहाने 'पन्नासच्या दशकातलं' मशीन दाखवायला बोलावलं होतं. दारातूनच तीन इंची फ्लिपर दिसले आणि वीस वर्षं तिथेच कमी झाली. मशीन मात्र सुंदर होतं, आणि सालाचा उलगडा झाल्यावर त्याला त्याचे भागही पटापट मिळाले.

आकडे कुठे आणि कसे दिसतात

पन्नासच्या दशकात काचेमागे दिवे असायचे आणि प्रत्येक दिव्यासमोर आकडा छापलेला. दहा हजारांचे, लाखांचे, दशलक्षांचे दिवे लागत जायचे. म्हणून 'ऐंशी लाख' असा भला मोठा आकडा काचेवर छापलेला दिसला तर ते नव्या काळाचं लक्षण समजू नका, तो दिव्यांचा काळ आहे. फिरत्या चकत्या, म्हणजे स्कोअर रील, १९५३ मध्ये दिसल्या आणि १९५४ मध्ये गॉटलीबच्या 'सुपर जंबो'ने पहिल्यांदा चार खेळाडूंना एका मशीनवर आणलं. चौघांचे गुण दिव्यांनी दाखवायचे तर काच पुरली नसती. एकट्याने खेळायच्या मशीनमध्ये मात्र दिवे १९६० च्या आसपासपर्यंत टिकले. त्याच सुमाराला काचेच्या दोन्ही कडांच्या लाकडी पट्ट्या जाऊन स्टीलच्या आल्या. लाकडी कडा, दिव्यांचे गुण आणि दोन इंची फ्लिपर हे तिन्ही एकत्र दिसलं की पन्नासचं दशक पक्कं.

रील असतील तर आत रिले असणार. याला इलेक्ट्रोमेकॅनिकल म्हणतात, आम्ही नुसतं ईएम म्हणतो. प्लेफील्ड उचला आणि खालच्या फळीवरची स्कोअर मोटर शोधा: एक लहान मोटर, तिच्या दांड्यावर खाचा पाडलेल्या चकत्या आणि चकत्यांना टेकलेल्या संपर्क-पात्यांच्या चळती. गोळीने पन्नास गुणांचं लक्ष्य मारलं की ही मोटर थोडी फिरते आणि दहा-दहाचे पाच ठोके रीलला देते. एकही चिप नाही, कसलाही प्रोग्रॅम नाही. पहिला खेळाडू कोण, कितवी गोळी, जादा खेळ मिळाला का, हे सगळं एखाद्या पात्याची जागा आणि एखाद्या दातेरी चाकाची पायरी लक्षात ठेवते. बंद करून वर्षभराने चालू केलं तरी चाक त्याच पायरीवर असतं. या मशीनवर माझं मनापासून प्रेम आहे, आणि साठच्या-सत्तरच्या दशकातली गॉटलीबची एका खेळाडूची, पाचरीसारख्या आकाराच्या खोक्याची मशीनं मी या धंद्यातली सगळ्यात सुबक निर्मिती मानते.

ईएममध्ये आणखी एक खूण बघा. जिंकल्यावर जादा खेळ मिळतो की जादा गोळी? जादा गोळीची मशीनं गॉटलीबने १९६० मध्ये 'फ्लिपर' या नावाच्या मशीनपासून सुरू केली. कारण कायद्याचं होतं: बऱ्याच ठिकाणी फुकटचा खेळ म्हणजे पैशाच्या मोलाचं बक्षीस आणि म्हणून जुगार ठरायचा. चालू खेळातच वाढलेली गोळी बक्षीस ठरत नव्हती. तीच रचना, तेच चित्र, पण नाव वेगळं आणि बक्षीस वेगळं, अशा जोड्या त्यामुळे सापडतात.

'फक्त करमणुकीसाठी' हे वाक्य इंग्रजीत काचेवर किंवा प्लेफील्डवर छापलेलं असतं, तेही याच भीतीतून आलं. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये शहरात पिनबॉलवर बंदी आणली, मशीनं जप्त करून घणाने फोडली, आणि त्याचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. ती बंदी १९७६ पर्यंत होती. लॉस एंजेलिसमध्ये १९३९ ते १९७४. खुद्द शिकागोत, जिथे ही मशीनं बनत होती, तिथेही ती खेळायला कैक वर्षं मनाई होती. न्यूयॉर्कची बंदी उठली ती एका तरुण लेखकाच्या हातामुळे. रॉजर शार्पने नगर परिषदेच्या समितीसमोर खेळून दाखवलं. तपासणाऱ्यांना आधीपासून ठेवलेल्या मशीनचा संशय आला म्हणून त्यांनी जादा म्हणून आणलेल्या दुसऱ्या मशीनवर, गॉटलीबच्या 'बँक शॉट'वर, खेळायला लावलं. शार्पने दांडा ओढला, गोळी वरच्या मधल्या वाटेतून जाईल असं आधीच सांगितलं, आणि ती तिथूनच गेली. पिनबॉल हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे हे त्या एका गोळीने मान्य झालं. मला ही घटना या उद्योगातली सगळ्यात मोठी वाटते. फ्लिपर येऊन तेव्हा जवळजवळ तीस वर्षं झाली होती आणि कायदा अजून फ्लिपर नसलेल्या मशीनकडे बघूनच चालत होता.

चिपचा काळ

मागच्या खोक्यात, बॅकबॉक्समध्ये, हिरवे सर्किट बोर्ड दिसले की मशीन साधारण १९७७ नंतरचं. १९७५ मध्ये मिर्को कंपनीने 'स्पिरिट ऑफ ७६' काढलं होतं, पण ते क्वचितच दिसतं. मोठ्या कंपन्यांनी १९७७ मध्ये उडी घेतली आणि बॅलीच्या त्या वर्षीच्या 'एट बॉल'ची २०,२३० मशीनं बनली. हा बदल एका रात्रीत झाला नाही. गॉटलीबचं 'क्लिओपात्रा' त्याच साली रिलेचंही निघालं आणि चिपचंही. त्यामुळे नाव वाचून ठरवू नका, खोकं उघडा.

इथे फ्लिपरची कॉइल जवळून बघण्यासारखी आहे. प्लेफील्डच्या खाली टॉर्च धरा. फ्लिपरच्या मागे कागद गुंडाळलेली कॉइल दिसेल आणि तिला तीन वायर डकवलेल्या असतील. आत दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेची, कमी वेढ्यांची, जी जोराचा धक्का देते, आणि बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची, जी फ्लिपर वर धरून ठेवते. फ्लिपर पूर्ण वर गेला की टोकाचा संपर्क उघडतो आणि जाड गुंडाळीचा प्रवाह तुटतो. हा संपर्क उघडला नाही तर बटण दाबून धरताच कॉइल तापते, कागद तपकिरी होतो आणि जळका वास येतो. हे संपर्क टंगस्टनचे, जाड. त्यांच्यावर ठिणग्यांनी खड्डे पडतात आणि ते बारीक कानशीने घासून सपाट करायचे. पण चिपच्या मशीनमधले बाकीचे, गुण मोजणारे संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असतात. त्यांना कानस लावली तर मुलामा निघतो आणि संपर्क कायमचा बिघडतो. जाड कागदाची पट्टी दोन पात्यांमध्ये धरून हळूच ओढायची, बस्स. म्हणूनच दुरुस्ती करण्याआधी साल ओळखणं मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

चिपच्या मशीनमध्ये साल शोधायला चिपच मदत करते. तिच्या पाठीवर चार आकडी संख्या छापलेली असते, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. ७९२३ म्हणजे १९७९ चा तेविसावा आठवडा. एका चिपवर भरवसा ठेवू नका, ती नंतर बदललेली असू शकते. दहा-बारा चिप वाचा. बहुतेक सगळ्या एकाच वर्षाच्या आसपास असतील तर मशीन त्याच किंवा पुढच्या वर्षाचं.

बोर्ड बघताना बॅटरीही बघाच. मशीन बंद असताना आठवण टिकावी म्हणून ती बसवलेली असते, आणि वर्षानुवर्षं विसरली गेली की गळते. पांढरी-हिरवी बुरशी दिसते, ती तांब्याच्या रेषा खात जाते आणि जवळच्या सॉकेटमध्ये शिरते. बॅटरी काढा, व्हिनेगर लावलेल्या कापडाने भाग पुसा, मग स्वच्छ पाण्याने, आणि पूर्ण वाळू द्या. नवी बॅटरी बसवायची तर बोर्डपासून दूर, वायरने जोडून. चालू असलेलं मशीन विकत घेतलं तरी हे पहिल्याच दिवशी करा.

आकड्यांचा रंगही कंपनी सांगतो. १९७७ ते १९८४ च्या काळात नारिंगी चमकणारे आकडे बॅली आणि विल्यम्सचे, निळसर-हिरवे गॉटलीबचे. आवाज ऐका: १९७७ ची बरीच मशीनं चिपची असूनही खऱ्या धातूच्या पट्ट्या वाजवतात, पुढच्या दोनेक वर्षांत इलेक्ट्रॉनिक आवाज आले, आणि मशीन बोलत असेल तर ते १९७९ किंवा त्यानंतरचं, कारण बोलणारं पहिलं मशीन विल्यम्सचं 'गॉर्गार', सात शब्दांचं. वर-खाली दोन मजली प्लेफील्ड दिसलं तर १९८० च्या 'ब्लॅक नाइट'चा काळ. तळाशी भली मोठी, बिलियर्डच्या चेंडूएवढी गोळी असेल तर ते अटारीचं १९७९ चं 'हर्क्युलिस', तिथे आणखी शोधायची गरजच नाही.

१९८२ ते १९८४ ची मशीनं कमी भेटतात. 'स्पेस इन्व्हेडर्स' आणि 'पॅक-मॅन' या व्हिडिओ गेमांनी नाणी खेचून घेतली होती. १९८४ च्या 'स्पेस शटल'ने विल्यम्सला सावरलं आणि १९८६ मध्ये स्टीव्ह रिचीच्या 'हाय स्पीड'ने जॅकपॉटची कल्पना आणली: एका मशीनवर वाढत गेलेलं बक्षीस पुढच्या खेळाडूपर्यंत पोचायचं. त्याच सुमाराला आकड्यांबरोबर अक्षरं दाखवणारे फलक आले आणि छापलेल्या काचेच्या जागी साध्या काचेमागे चित्राची फिल्म आली. काचेच्या मागच्या बाजूवर नख हलकेच फिरवून बघा. रंग काचेवरच असेल तर जुनं, सुटी फिल्म असेल तर ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतरचं.

ठिपक्यांचा फलक आणि त्यानंतर

नारिंगी ठिपक्यांची चित्रं हलत असतील तर १९९१ किंवा नंतरचं. आडवे १२८ आणि उभे ३२ ठिपके, एवढ्यात कंपन्यांनी अख्ख्या गोष्टी सांगितल्या. पॅट लॉलरचं १९९२ चं 'द अॅडम्स फॅमिली' २०,२७० बनलं आणि त्याने 'एट बॉल'ला थोडक्यात मागे टाकलं. पुढच्या वर्षीच्या त्याच्याच 'ट्वायलाइट झोन'मध्ये एक गोळी सिरॅमिकची असते. ती हलकी असते, लोहचुंबकाला दाद देत नाही आणि म्हणून मशीनही तिला ओळखतं. असं मशीन घेताना ती पांढरी गोळी आत आहे का हे आवर्जून बघा, बऱ्याचदा हरवलेली असते.

या काळात नावांनी फसू नका. विल्यम्सने १९८८ मध्ये बॅलीचा पिनबॉल धंदा घेतला, म्हणून त्यानंतरच्या बॅलीमध्ये विल्यम्सचेच बोर्ड असतात. डेटा ईस्ट १९९४ मध्ये सेगा झाली आणि सेगा १९९९ मध्ये स्टर्न. स्टर्न नावाची आणखी एक जुनी कंपनी १९७७ पासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत होती, त्याच कुटुंबाची पण वेगळी. खोक्यावर नुसतं 'स्टर्न' वाचून सुटे भाग मागवले तर चाळीस वर्षांची चूक होऊ शकते, आकड्यांचा फलक बघितला की लगेच कळतं.

प्लेफील्डवरच हवेत तरंगणारी व्हिडिओची चित्रं दिसली तर ते १९९९ चं. विल्यम्सने शेवटचा मोठा डाव म्हणून काचेतून पडणाऱ्या प्रतिबिंबाची ही पद्धत आणली आणि त्यावर दोनच मशीनं काढली, 'रिव्हेंज फ्रॉम मार्स' आणि 'स्टार वॉर्स एपिसोड वन'. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने पिनबॉल बंद केलं. गॉटलीब १९९६ मध्येच गेली होती. मग दहा-बारा वर्षं मोठा कारखाना म्हणावा असा स्टर्न एकटाच उरला. पुढे जर्सी जॅक या नव्या कंपनीने २०१३ मध्ये 'द विझार्ड ऑफ ऑझ'बरोबर मोठा रंगीत एलसीडी आणला आणि स्टर्ननेही २०१६ पासून तोच मार्ग धरला. रंगीत पडदा बघून मात्र लगेच साल लिहू नका, कारण जुन्या ठिपक्यांच्या फलकाच्या जागी रंगीत फलक बसवून मिळतो. शिवाय १९९७ चं 'मिडिव्हल मॅडनेस' २०१५ मध्ये नव्याने बनलं, चित्र तेच, खेळ तोच. आत बघा: जुन्यात मोठे बोर्ड आणि तारेचे बल्ब, नव्यात छोटे बोर्ड आणि एलईडी.

पुरावे जुळले नाहीत तर

जुळत नाहीत, असं पुष्कळदा होतं. या मशीनांनी दुकानांत, बारमध्ये, बोलिंगच्या हॉलमध्ये मेहनत केली आहे आणि जे मोडलं त्याच्या जागी जे हाताशी होतं ते बसलं. अशा वेळी सहज बदलता न येणाऱ्या गोष्टींना मान द्या. रबर, बल्ब, फ्लिपरचं प्लास्टिक, नाण्याचं दार, पाय हे सगळं बदलतं. प्लेफील्डला पाडलेली भोकं, खोक्याचा आकार आणि वायरच्या जुडग्यांची बांधणी फारशी बदलत नाही. प्लेफील्डच्या खालच्या बाजूला शाईने मारलेले शिक्के आरशात बघा, तिथे कधी कधी तारीखच असते. खोक्याच्या आत, नाण्याच्या दारामागे किंवा तळाशी, कागदाची पट्टी किंवा वायरिंगचा घडी घातलेला नकाशा सापडतो. नकाशा मिळाला तर आधी त्याचा फोटो काढा, कारण घडीवरचा जुना कागद हातातच तुटतो.

आता काच बघा आणि नाव वाचा. बॅकग्लासवर, प्लेफील्डवर आणि नकाशावर एकच नाव असलं पाहिजे. मग ते नाव आणि अनुक्रमांक ऑनलाइन पिनबॉल डेटाबेसमध्ये शोधा. तिथे बहुतेक मशीनांचं साल, रचनाकार आणि किती बनली याचे आकडे आहेत. वहीतल्या नोंदी त्याच्याशी ताडून बघा. एकाच मशीनची परदेशी आवृत्तीही असते, आणि अमेरिकन मशीन १२० व्होल्टवर चालतं, म्हणून प्लग लावायच्या आधी मागची पट्टी वाचा आणि ट्रान्सफॉर्मरची जोडणी तपासा.

एवढं झालं की मशीन उतारावर लावा. पायांच्या तळाचे स्क्रू फिरवून मागची बाजू उचला: ठिपक्यांच्या काळातल्या मशीनला साधारण साडेसहा अंश, रिलेच्या मशीनला त्याहून बरंच कमी, साडेतीनच्या आसपास. आडवी पातळी बुडबुड्याच्या लेव्हलने प्लेफील्डवरच बघा, खोक्यावर नको, कारण जुनं खोकं वाकलेलं असतं. शेवटी टिल्टचा लंबक तपासा. खोक्याच्या आत डाव्या बाजूला, एका कड्याच्या मधोमध लटकणारा धातूचा गोळा असतो. तो कड्याला टेकला की टिल्ट होतो, म्हणजे चालू गोळी किंवा कधी अख्खा खेळच संपतो. गोळा वर-खाली सरकवून कड्यापासून सगळीकडे सारखं अंतर ठेवा, म्हणजे तळहाताचा हलका धक्का चालतो आणि मशीन उचलून आपटणं चालत नाही.